देवगडातून स्नोबोर्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी सतरा वर्षांची. देवगड तालुक्यात वाढली, आणि हिवाळ्यात गुलमर्गला स्नोबोर्डच्या शर्यतीत उतरते. हे कळलं की लोक जे विचारतात, ते इथे एकदाच लिहून ठेवतेय. काही प्रश्न पालकांचे, काही शाळेतल्या मुलांचे, काही एसटीची वाट बघताना विचारलेले. उत्तरं एका आईची आहेत. बोर्डवर कसं उभं राहायचं ते प्रशिक्षकच शिकवणार; मी घराचं गणित सांगू शकते.

अगो, हयसर बर्फ खय असा?

नाही. बंदरावर मासळीच्या क्रेटात असतो तेवढाच.

पण समुद्राकाठची मुलं या खेळात नवी नाहीत. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणारा शॉन व्हाइट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. क्लोई किम तिथल्याच टॉरन्समध्ये वाढली आणि २०१८ मध्ये सतराव्या वर्षी हाफपाईपचं, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या घळीत उड्या मारायच्या प्रकाराचं, सुवर्ण घेऊन गेली. जपानचा आयुमु हिरानो मुराकामी या किनारी गावचा. त्याच्या वडिलांनी तिथे स्केटपार्क चालवला आणि पोरगा त्यात चाकांवर शिकला. २०२१ मध्ये तो टोकियोला स्केटबोर्डिंगमध्ये उतरला आणि सहाच महिन्यांनी बीजिंगला स्नोबोर्डचं सुवर्ण जिंकला.

ही नावं ऐकून हुरळून जाऊ नका, कारण त्या मुलांना बर्फाचा डोंगर मोटारीने काही तासांवर होता. आपल्याला अख्खा देश ओलांडावा लागतो. आपल्याला जवळचं उदाहरण भवानी थेक्कडाचं: कर्नाटकातल्या कोडगूची, म्हणजे कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली मुलगी, आणि क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये आंतरराष्ट्रीय पदक मिळवलेली. खेळ वेगळा, पण बर्फापासूनचं अंतर आपल्याइतकंच.

हा खेळ नेमका कसा असतो? स्कीइंग तेच का?

स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात काठ्या. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले, हात मोकळे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडल्या, तिथून याची सुरुवात धरतात. ऑलिंपिकमध्ये तो १९९८ ला नागानोत आला.

होडीवर वाढलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट उलटी वाटते. होडीचं सुकाणू मागे असतं. बोर्ड वळतो तो पुढच्या पायाने. घाबरलेलं माणूस वजन मागच्या पायावर टाकतं, आणि तसं टाकलं की बोर्ड ऐकत नाही. निम्मं शिकणं म्हणजे भीती वाटत असताना पुढे झुकणं.

डावा पाय पुढे की उजवा?

डावा पुढे असेल तर ‘रेग्युलर’, उजवा पुढे असेल तर ‘गूफी’. दोन्ही सारखेच चांगले. पावसात शेवाळलेल्या खळ्यात पोरं घसरत जातात तेव्हा कुठला पाय आपोआप पुढे जातो ते बघा, बहुतेक वेळा तोच.

स्पर्धांचे किती प्रकार आहेत? आमच्या मुलाने कुठला धरावा?

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक मुलं मोबाइलवर उड्या बघून या खेळाच्या प्रेमात पडतात आणि तिथेच फसगत होते.

ढोबळ मानाने दोन घराणी आहेत. एक कसरतीचं: हाफपाईप, स्लोपस्टाईल आणि बिग एअर. यात परीक्षक गुण देतात. ऑलिंपिकच्या हाफपाईपच्या भिंती सुमारे २२ फूट उंच असतात. स्लोपस्टाईलमध्ये लोखंडी दांड्यांवरून घसरायचं आणि उड्या मारायच्या. ते २०१४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. एकाच प्रचंड उडीचं बिग एअर २०१८ पासून.

दुसरं घराणं शर्यतीचं. पॅरलल जायंट स्लॅलममध्ये दोन खेळाडू शेजारीशेजारी, एक लाल फाटकांतून आणि एक निळ्या फाटकांतून (फाटक म्हणजे बर्फात रोवलेल्या खुणेच्या काठ्या), वळणं घेत खाली येतात; जो आधी पोचेल तो पुढच्या फेरीत. स्नोबोर्ड क्रॉसमध्ये चौघे एकदम सुटतात आणि वळणं, उंचवटे पार करत एकमेकांना ढकलाढकलीच्या अंतरावरून मागे टाकतात. बघायला सगळ्यात मजा याची, आणि आईच्या जिवाला सगळ्यात घोर याचाच.

माझं मत: कोकणातल्या मुलाने शर्यतीकडे बघावं, खास करून स्लॅलम (फाटकं जवळजवळ) आणि जायंट स्लॅलमकडे (फाटकं लांबलांब). कारणं भावनेची नाहीत. ऑलिंपिक मापाचा हाफपाईप आपल्या देशात नाही. ज्याचा सराव करता येत नाही त्यात निवड कशी होणार? फाटकांची शर्यत मात्र गुलमर्गच्या साध्या उतारावर लावता येते आणि देशातल्या स्पर्धा मुख्यतः त्याच होतात. शिवाय घड्याळ कुणाचं तोंड बघत नाही. आणि वय. कसरतीत पंधरा-सोळाव्या वर्षी जगज्जेते होतात, उशिरा आलेल्याला जागा नाही. शर्यतीत माणूस टिकतो. ऑस्ट्रियाचा बेंजामिन कार्ल २०२२ मध्ये छत्तिसाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण जिंकला. त्याच देशाची क्लॉडिया रीगलर २०१५ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी जगज्जेती झाली. ही मंडळीही लहानपणापासूनच बर्फावर होती, हे विसरू नका. पण शिकायला आणि सुधारायला वर्षं मिळतात, हे खरं.

एक अडचण आधीच सांगते. वरच्या पातळीवर शर्यतीचे खेळाडू लांब, अरुंद बोर्ड आणि कडक प्लास्टिकचे बूट वापरतात. आपल्याकडे सुरुवात मऊ बुटांवर होते. कधीतरी ते बदलावं लागतं, आणि त्या हंगामात मूल काही काळ मागे गेल्यासारखं वाटतं.

कितव्या वर्षी सुरू करावं?

क्लोई किम चौथ्या वर्षी बोर्डवर उभी राहिली. आपल्याला ते शक्य नाही, तेव्हा त्याची खंत नको. दहा ते तेराच्या दरम्यान पहिला बर्फ दिसला आणि त्याआधी मलखांब, जिम्नॅस्टिक, स्केटिंग यांतलं काही झालेलं असलं, तर पाया बरा म्हणायचा. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा बोर्डवर चढलेल्या मुलाला आनंद भरपूर मिळेल. स्पर्धेचं स्वप्न मात्र जपून बघावं.

मुलगा चांगला आहे की नाही हे कशावरून कळतं?

पहिली काही वर्षं ते कळत नाही, कारण मोजायचं असतं ते वेगळंच. परदेशातल्या अकादमीतली मुलं वर्षाला शंभराच्या पुढे दिवस बर्फावर असतात. आपल्या मुलाचा दोन आठवड्यांचा कोर्स म्हणजे प्रवासाचा शीण, वाईट हवामान आणि सुट्टी वजा जाता जेमतेम दहा-अकरा दिवस. मग दोघांची तुलना करून ‘आमच्यात गुणच नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे, आणि ‘आमचा पोरगा वर्गात पहिला आला’ म्हणून फटाके लावणंही घाईचं.

म्हणून मी कुठलाही निर्णय एकाच प्रश्नावर तोलते: यातून बर्फावरचे दिवस किती वाढतात? महागडा नवा बोर्ड घेतला तर शून्य. जुना बोर्ड वापरून तेच पैसे गुलमर्गच्या मुक्कामात घातले तर आठ-दहा. सत्कार समारंभासाठी हंगामाच्या मध्यात गावी बोलावलं तर वजा पाच.

उरलेले नऊ-दहा महिने इथे काय करते?

याचं उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा मोठं आहे.

पाय आधी. आमच्याकडे घरापासून देवळापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी आहे. ती चढायची, उतरायची, दोन पायांनी उड्या मारत चढायची. उतरण्याचा व्यायाम लोक करत नाहीत. बोर्डवर मांड्या जळतात त्या उतरतानाच. ओहोटीच्या वेळी पुळणीवर धावणं, तेही ओल्या आणि कोरड्या वाळूत आलटून पालटून. कोरडी वाळू घोट्यांना जे शिकवते ते डांबरी रस्ता शिकवत नाही.

मग तोल. घरी लाकडाच्या ओंडक्यावर फळी ठेवून केलेला बॅलन्स बोर्ड आहे, सुताराने उरलेल्या फणसाच्या लाकडातून करून दिला. दात घासणं त्याच्यावरच. स्केटबोर्डसाठी कोकणात जागा शोधणं अवघड. कातळ खरबरीत आणि रस्ते वळणांचे. शाळेचं सिमेंटचं पटांगण रविवारी मिळालं तर पुरे. घाटाच्या रस्त्यावर किंवा महामार्गावर पोरांना स्केटबोर्ड घेऊन उतरू देऊ नका, कितीही गयावया केली तरी. डंपर उतारावरून कसे येतात ते आपल्याला ठाऊक आहे.

मलखांबाबद्दल मी बोलायला लागले की थांबत नाही. हवेत उलटं असताना आपलं डोकं कुठे आणि पाय कुठे हे ज्याला कळतं, त्याला पडायचं कसं ते कळतं. ही विद्या आपल्या तालमीत फुकट मिळते आणि तिच्यासाठी परदेशात लोक ट्रॅम्पोलिनच्या हॉलला पैसे मोजतात.

समुद्राचं म्हणाल तर सर्फिंगने तोल आणि खांदे दोन्ही होतात, पण नारळी पौर्णिमेनंतर, दर्या शांत झाल्यावर, आणि त्या पाण्याची माहिती असलेला माणूस सोबत असेल तरच. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही.

शिकायला कुठे पाठवायचं?

गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे. पहलगामला जवाहर इन्स्टिट्यूट, मनालीला अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था. मनालीवाले सोलंगच्या उतारावर शिकवतात. उत्तराखंडात औलीलाही कोर्स होतात. सरकारी कोर्स साधारण एक ते दोन आठवड्यांचे असतात आणि खासगी वर्गांच्या मानाने बरेच स्वस्त पडतात. मात्र यातले बरेचसे मूळ स्कीइंगचे. स्नोबोर्ड आणि त्याचा शिक्षक त्या तुकडीला मिळणार का, आपल्या मुलाच्या मापाचे बूट आहेत का, हे फोन करून विचारा. ई-मेलच्या उत्तराची वाट बघत बसलात तर तुकडी भरून जाते.

स्पर्धेच्या दृष्टीने गुलमर्गच. गाव सुमारे २,६५० मीटरवर, आणि तिथून गोंडोला, म्हणजे दोरावरून जाणारे बंद पाळणे, दोन टप्प्यांत अफरवट डोंगरावर ४,००० मीटरच्या आसपास नेते. नवख्यांनी पहिले दिवस खालच्या सपाट उतारावरच काढायचे. पोरं गोंडोलाकडे बघून उतावीळ होतात, त्यांना होऊ द्या.

मुंबईच्या मॉलमध्ये बर्फ आहे ना? तिथे नाही का होणार सराव?

तिथे थंडी कशी असते ते कळेल. उतार नाही.

दुबईचं मात्र वेगळं. स्की दुबईत २००५ पासून छताखाली खरा उतार आहे, सगळ्यात लांब सुमारे ४०० मीटर. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात आखातात नोकरीला असलेलं कुणीतरी प्रत्येक घराच्या ओळखीत असतं. राहायची सोय झाली तर मे महिन्याच्या सुट्टीत तिथे वळणं घोटून घेता येतात. उतार छोटा आहे, शर्यतीचा वेग तिथे येत नाही. पण सहा महिन्यांच्या खंडात पाय विसरत नाहीत.

देवगडहून गुलमर्गला जायचं कसं?

कणकवलीहून रेल्वेने मुंबई आणि तिथून विमानाने श्रीनगर, हा सोपा मार्ग. स्वस्तातला मार्ग दिल्लीवरून कटऱ्यापर्यंत रेल्वे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर गाडी सुरू झाल्याने जम्मूपासूनचा घाटातला थकवणारा प्रवास वाचतो. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. शेवटचा तंगमर्गपासूनचा चढ बर्फात साखळ्या लावलेल्या गाडीनेच करायचा.

जाताना-येताना एकेक दिवस हातचा ठेवा. बर्फ पडला की विमानं रद्द होतात, आणि बर्फ पडावा म्हणूनच तर आपण तिथे गेलेलो असतो. बोर्डची लांब पिशवी बघून डब्यातले लोक हमखास विचारतात. एका आजोबांनी ती दशावताराच्या कंपनीची सामानाची पिशवी समजून आज प्रयोग कुठे आहे ते विचारलं होतं.

खर्च किती? खरं सांगा.

आकडा प्रत्येक घराचा वेगळा, म्हणून रचना सांगते.

सुरुवातीचं साहित्य भाड्याने घ्या. वाढत्या वयात बुटाचं माप दर हंगामाला बदलतं. मूल टिकणार हे दिसल्यावर बूट आधी विकत घ्या, बोर्ड नंतर. बूट नीट बसले नाहीत तर जगातला उत्तम बोर्डही वळत नाही. परदेशी बाजारात नवा बोर्ड, बाइंडिंग (बूट फळीला धरून ठेवणारे पट्टे) आणि बूट मिळून पाचशे ते हजार डॉलर सहज लागतात. वापरलेलं सामान बरंच कमी किमतीत मिळतं. हेल्मेट मात्र वापरलेलं घेऊ नका, त्याला आधी किती मार बसलाय ते बाहेरून दिसत नाही.

साहित्य एकदाचं असतं. खरा खर्च दरवर्षीचा: प्रवास, मुक्काम, गोंडोलाचा पास, शिक्षक. आणि इथे आंबेवाल्या घरांची एक खास पंचाईत होते, जी कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. हापूसचा पैसा हातात येतो मे-जूनमध्ये. बर्फाचा खर्च उभा राहतो डिसेंबर-जानेवारीत, नेमका फवारणीच्या आणि राखणीच्या खर्चाच्या वेळी. म्हणून कॅनिंगचा हिशेब झाला की लगेच हिवाळ्याचे पैसे पतसंस्थेत मुदत ठेवीत टाकायचे, डिसेंबरात सुटतील असे. ते गणपतीला मोडायचे नाहीत. घराला रंग पुढच्या वर्षी.

कलमं विकू नका. कर्ज काढून तर नकोच. या खेळात बक्षिसाच्या रकमेने कर्ज फिटतं अशी पातळी गाठायला भारतातून अजून कुणी पोचलेलं नाही.

प्रायोजक मिळतात का?

मोठ्या कंपन्या टीव्हीवर दिसणाऱ्या खेळाच्या मागे. गावचं मुंबईकर मंडळ, एखादा बागायतदार, तालुक्याची पतसंस्था, यांच्याकडे जा. ‘मदत करा’ म्हणू नका. ‘चौदा दिवसांच्या मुक्कामाचा एवढा खर्च आहे, त्यातले चार दिवस तुमच्या नावाचे’ असं सांगा आणि परत आल्यावर फोटो आणि वेळांचा कागद स्वतः नेऊन द्या. आरिफ खान हा गुलमर्गचा स्कीपटू बीजिंग ऑलिंपिकला पात्र ठरल्यावर केंद्राच्या टॉप्स योजनेत, म्हणजे ऑलिंपिकच्या तयारीला पैसे देणाऱ्या योजनेत, आला. म्हणजे सरकारचा हात मिळतो, पण बराच डोंगर चढून झाल्यावर.

दहावीचं काय?

गुलमर्गचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पाही साधारण याच दिवसांत. तिन्ही एकमेकांच्या अंगावर येतात आणि त्याला तोड नाही.

आम्ही दहावीच्या वर्षी डिसेंबरातच बर्फ उरकला आणि स्पर्धा सोडली. ती दोन दिवस जेवली नाही. तरीही तोच निर्णय पुन्हा घेईन. गुडघा एका पडण्यात जाऊ शकतो. दहावीचा कागद तसा जात नाही.

ज्यांना पुढे दक्षिण गोलार्धात, न्यूझीलंड किंवा चिलीला जाणं जमेल, त्यांच्यासाठी तिथला हंगाम जून ते सप्टेंबर. म्हणजे परीक्षा टळते आणि गणपती चुकतो. कोकणातल्या मुलाला यातलं कुठलं जास्त जड जाईल, ते मी सांगायला नको.

चेडवाक एकट्याक कशाक धाडतंस?

एकटी जात नाही. पहिली दोन वर्षं मी किंवा तिचा मामा बरोबर होतो, आता राज्याच्या चमूबरोबर जाते. निघण्याआधी मी तीन गोष्टी विचारते: राहण्याची खोली कुणाबरोबर, सोबत महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक आहे का, आणि दुखापत झाली तर कुठल्या दवाखान्यात नेणार. जो माणूस या प्रश्नांवर चिडतो, त्याच्याबरोबर मुलीला पाठवायचं नाही. मुलाला पाठवतानाही हेच विचारावं, ते कुणी विचारत नाही.

क्लोई किमच्या वडिलांनी नोकरी सोडून तिला डोंगरावर ने-आण केली, आणि मध्ये ती दोन वर्षं स्वित्झर्लंडला मावशीकडे राहून शिकली. तेव्हा आजोळी ठेवून पोरीला वाढवणं काही आपलीच रीत नाही.

ती थंय जेवता काय?

काश्मिरी माणूस भातच खातो. मटण उत्तम, ट्राउट मासा मिळतो, आमच्या पोरीला त्याला वास नाही म्हणून चव नाही असं वाटतं. कोकमाचं आगळ आणि सुक्या जवळ्याची चटणी बरोबर देते. चटणी पहिल्या दोन दिवसांत बाकीच्या मुली संपवतात.

थंडी आणि उंची सोसते का?

थंडीपेक्षा ओल वाईट. सुती बनियन घामाने भिजलं की अंगावर गारठतं, म्हणून आत लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर उबदार थर, बाहेर पाणी न शिरणारं जाकीट. मोजे एकच जोडी घालायची. दोन घातले की बोटं आवळली जाऊन जास्त गार पडतात.

उंचीचं गांभीर्याने घ्या. आपण समुद्रसपाटीची माणसं. ४,००० मीटरवर हवेचा दाब इथल्या सुमारे ६० टक्केच असतो. गुलमर्गला पोचल्यावर पहिले दोन दिवस हलका व्यायाम, भरपूर पाणी, आणि डोकं ठणकत असेल तर वर जाणं बंद. ‘आमची पोर दमाची आहे’ या अभिमानाचा तिथे उपयोग नाही.

हातपाय मोडतात ना?

मोडतात. नवशिक्यांचं सगळ्यात जास्त मोडतं ते मनगट, कारण पडताना माणूस आपोआप हात टेकतो. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट पहिल्या दिवसापासून. पडताना मुठी वळून हात छातीशी घ्यायचे, हे आम्ही वाळूत शिकवलं. शर्यतीत वेग वाढला की गुडघे आणि खांदे. डोक्याला मार बसून चक्कर, उलटी, गोंधळ काहीही झालं तर त्या दिवशी पुन्हा बोर्डवर चढायचं नाही, मग स्पर्धा असो की आणखी काही.

हिमस्खलन हा वेगळाच विषय. गुलमर्गच्या आखलेल्या उतारांवर गस्त असते. त्याबाहेरच्या डोंगरावर २०२३ आणि २०२४ मध्ये परदेशी स्कीपटूंचे जीव गेले आहेत, आणि ते काही नवखे नव्हते. मुलांना दोरीपलीकडे जायला बंदी हा आमच्या घरातला एकमेव नियम आहे, ज्यावर चर्चा होत नाही. विमा काढताना पत्रकात बर्फावरचे खेळ आणि डोंगरावरून सुटका ही दोन्ही लिहिलेली आहेत का ते वाचा.

निवड कशी होते? ऑलिंपिकला कधी जाणार?

राज्य संघटनेची चाचणी, मग खेलो इंडिया आणि राष्ट्रीय स्पर्धा. त्यापुढे राष्ट्रीय महासंघामार्फत आंतरराष्ट्रीय महासंघाकडे, म्हणजे फिसकडे, नोंदणी आणि परवाना. त्यांच्या यादीतल्या शर्यतींत जागतिक गुण मिळतात, आणि अशा बहुतेक शर्यती परदेशात असतात. तिथून खर्चाचा दुसरा मजला सुरू होतो.

ऑलिंपिकबद्दल गोड बोलणार नाही. भारताकडून हिवाळी ऑलिंपिकला ल्यूजमध्ये (बर्फाच्या नळीतली घसरगाडीची शर्यत) शिवा केशवन सहा वेळा गेला, स्कीइंगमध्ये काहीजण गेले. स्नोबोर्डिंगमध्ये आजवर एकही नाही. कारण समजून घ्या. अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या, स्कीइंगमध्ये किमान पात्रता गाठली तर प्रत्येक देशाला एक पुरुष आणि एक महिला पाठवायची वाट ठेवलेली आहे. आरिफ खान त्याच वाटेने गेला. स्नोबोर्डमध्ये अशी सूट नाही. २०२२ साठी वर्ल्ड कप किंवा जागतिक स्पर्धेत पहिल्या तिसांत येणं आणि ठरावीक फिस गुण, ही दोन्ही लागत होती. म्हणजे आधी जगातल्या मोजक्या लोकांत यायचं, मगच दार.

म्हणून ऑलिंपिक हे आमच्या घरात ध्येय म्हणून भिंतीवर चिकटवलेलं नाही. दर हंगामाला तिची वेळ त्या शर्यतीतल्या पहिल्या क्रमांकापासून किती सेकंद मागे आहे, ते वहीत लिहितो. गेली दोन वर्षं ते अंतर कमी होतंय. पुढच्या हंगामाचे पैसे टाकायला मला तेवढं पुरतं.

सर्दीचं औषध, काढे चालतात का?

विचारल्याशिवाय नाही. उत्तेजक चाचणी ज्या स्पर्धांत होते तिथे साधं खोकल्याचं औषधही अडचणीत आणू शकतं, आणि कुठल्या पुडीत काय आहे हे लेबलवर नसलेली घरगुती चूर्णं तर आणखी धोक्याची. १९९८ मध्ये या खेळाचं पहिलंच सुवर्ण कॅनडाच्या रॉस रेबाग्लियातीकडून गांजाचा अंश सापडला म्हणून काढून घेतलं होतं. अपिलात ते परत मिळालं. आपल्यासाठी वकील उभे राहणार नाहीत. डॉक्टरांना खेळाडू असल्याचं आधी सांगा आणि चिठ्ठी जपून ठेवा.

यातून नोकरी लागते का?

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण कुठला खेळ, कुठल्या पातळीची स्पर्धा आणि कितवा क्रमांक धरला जातो याचे नियम शासन निर्णयात असतात आणि ते बदलतात. प्रमाणपत्र मिळालं की त्याच वर्षी जिल्हा क्रीडा कार्यालयात पडताळणीचं विचारून ठेवा. सैन्य आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाचे हिवाळी खेळांचे संघ आहेत. तिकडे जायची तयारी असलेल्या मुलांना बर्फावरचे दिवस पगारासकट मिळतात. माझ्या मते भारतात या खेळाला याहून चांगली नोकरी नाही.

प्रशिक्षक होणं ही दुसरी वाट. कॅनडा, न्यूझीलंड इथले शिक्षकाचे परवाने जगभर चालतात आणि दोन गोलार्धांत मिळून वर्षभर काम मिळू शकतं. स्पर्धेत मागे पडलेली पण बोलायला गोड मुलं इथे पुढे जातात.

बर्फच कमी होतोय म्हणतात. मग काय अर्थ?

खरं आहे. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. तिकिटं बदलण्याचा भुर्दंड सगळ्या राज्यांच्या मुलांनी सोसला. बीजिंगला २०२२ मध्ये जवळजवळ सगळा बर्फ यंत्राने केलेला होता. आपल्याकडे यंत्रं फार कमी. फळधारणेच्या वेळी अवकाळी पाऊस आलेल्या आंबेवाल्याला हवामानावर बेतलेल्या धंद्याची जोखीम समजावून सांगायला नको. आरक्षण करताना तारीख बदलता येईल असंच करा.

दिव्यांग मुलांना हा खेळ खेळता येतो का?

येतो. पॅरालिंपिकमध्ये २०१४ पासून स्नोबोर्डिंग आहे, हातापायांचं व्यंग असलेल्यांसाठी वेगवेगळे गट आहेत. बौद्धिक दिव्यांगांच्या स्पेशल ऑलिंपिकमध्ये, २०२५ ला तुरीनमध्ये, भारताच्या मुलामुलींनी स्नोबोर्डिंगमध्येही पदकं आणली. आपल्या भागात विशेष शाळांनी याची चौकशी करायला हवी असं मला फार वाटतं.

मुलगी लग्नाची झाल्यावर?

पुढचा प्रश्न.

खाऱ्या हवेत बोर्ड टिकतो का?

नीट ठेवला नाही तर नाही. बोर्डच्या दोन्ही कडांना पोलादाची पट्टी असते आणि आपल्याकडे तिला आठवड्यात तांबेरा चढतो. हंगाम संपवून आलं की कडा कोरड्या फडक्याने पुसायच्या, गंजाचे ठिपके रबरी घासणीने काढायचे, मग तळाला आणि कडांवरही जाड मेण इस्त्रीने वितळवून लावायचं आणि तसंच राहू द्यायचं. ही इस्त्री कपड्यांना पुन्हा वापरायची नाही. पुढच्या हंगामात ते मेण खरवडलं की खाली कडा स्वच्छ. बाइंडिंगचे स्क्रू थोडे सैल करून ठेवा. बूट पावसाळ्यात बुरशी धरतात. आतला मऊ बूट बाहेर काढून, वर्तमानपत्राचे बोळे घालून, चुलीच्या खोलीत उंच टांगायचे, पण आगीच्या थेट धगेला नाही.

जुनं सामान विकता का?

तिच्या पायाला लहान झालेले दोन जोड बूट आणि एक छोटा बोर्ड आहे. विकत नाही. ज्याचं कोर्सचं आरक्षण पक्कं झालंय त्याला हंगामापुरतं देते, परत करण्याच्या बोलीवर. गार्ड आपले आपण घ्यायचे. मुलाला बरोबर घेऊन या, माप घालून बघितल्याशिवाय देत नाही. दुपारी एक ते चार येऊ नका.